छावणी उठली, गाव राहिलं

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. सोसायटीच्या २५ वर्षांचा आढावा अध्यक्ष आणि सचिव घेणारच आहेत. गणपती, कोजागिरी, पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंगचे वाद यांवरही कुणी ना कुणी लिहीलच. म्हणून मी ठरवलं, की आपली इमारत उभी राहायच्या आधी या भागात काय होतं ते लिहावं. त्यातही आपल्या अगदी शेजारी जी एक प्रचंड लष्करी छावणी होती, तिच्याविषयी.

आपल्यापैकी बरीच कुटुंबं इथली मूळची नाहीत. कुणी गिरगाव-दादर सोडून आलं, कुणी डोंबिवलीहून पुढे सरकलं, कुणी सातारा-जळगावकडून नोकरीसाठी आलं. नव्या माणसाला इथे पहिलं कोडं पडतं ते 'कॅम्प' या शब्दाचं. रिक्षावाल्याला "कॅम्प चार" सांगितलं की तो मुकाट्याने लालचक्कीच्या दिशेने निघतो. "कॅम्प तीन" म्हटलं की शिवाजी चौकाकडे. जुने लोक आजही "जरा कॅम्पात जाऊन येतो" असंच म्हणतात, उल्हासनगर म्हणत नाहीत. टपाल खात्यानेही हे कॅम्प जपून ठेवलेत. उल्हासनगर एकचा पिन ४२१००१, दोनचा ४२१००२, असं करत पाचचा ४२१००५. शेवटचा आकडा म्हणजे कॅम्पाचा नंबर! पण हा कॅम्प कसला, कुणाचा, हे आपल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांना विचारलं तर बहुतेक जण "सिंधी लोकांचा" असं उत्तर देतील. ते उत्तर अर्धंच आहे.

कल्याणच का?

आपला भाग फौजांना नवा नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. दुर्गाडी किल्ला त्याची साक्ष आहे. बदलापूरचं नाव तिथे महाराजांच्या सैन्याचे घोडे बदलले जात म्हणून पडलं, असं जुने लोक सांगतात. ही सांगोवांगीची कथा आहे, तशीच ती घ्यावी. पण एवढं मात्र खरं, की घाटावरून समुद्राकडे आणि समुद्राकडून घाटावर जाणाऱ्याला या पट्ट्यातून जाणं भाग होतं.

इंग्रजांच्या काळात हेच काम रेल्वेने केलं. १८५४ साली गाडी कल्याणला पोचली. तिथून दोन फाटे निघाले. एक बोरघाट चढून पुण्याकडे गेला, दुसरा थळघाट चढून नाशिककडे. १८६३ ते १८६५ या काळात दोन्ही घाट रेल्वेने जिंकले आणि मुंबई बंदरात उतरलेला माल असो की माणूस, तो कल्याणवरून हिंदुस्थानात कुठेही जाऊ शकला. मुंबईपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. म्हणजे बंदरापासून जवळ, पण बंदराच्या गर्दीपासून लांब.

आता दुसऱ्या महायुद्धाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम् आणि काकीनाड्यावर जपानी बाँब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर. पूर्व किनाऱ्यावरची बंदरं धोक्यात आल्यावर विलायतेहून येणाऱ्या फौजांचा मोठा भार साहजिकच पश्चिमेकडच्या बंदरांवर पडला आणि त्यांत मुंबई सर्वांत महत्त्वाची. बोटीवरून उतरलेला शिपाई थेट ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पाठवता येत नाही. त्याला आधी कुठेतरी उतरवावं लागतं, त्याची तुकडी जुळवावी लागते, साहित्य द्यावं लागतं, इथल्या उन्हा-पावसाची सवय करावी लागते, कवायत आणि सराव चालू ठेवावा लागतो आणि गाडी मिळाली की रवाना करावं लागतं. अशा मुक्कामाच्या छावणीला ट्रान्झिट कॅम्प म्हणतात. कल्याणच्या दक्षिणेला मोकळं माळरान होतं, भातशेती होती, जवळ उल्हास नदी आणि वालधुनीचं पाणी होतं आणि दोन्ही घाटांकडे जाणारी रेल्वे हाताशी होती. छावणीला आणखी काय लागतं?

बराकींचं गाव

त्या छावणीचं नाव 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प'. सहा हजार सैनिक आणि त्यांच्याखेरीज तीस हजार इतर माणसं राहतील अशा बेताने ती बांधली गेली. २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ कर्मचारी निवास असा तिचा पसारा होता. आजच्या उल्हासनगरचं क्षेत्रफळ जेमतेम तेरा चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जागेत दोन हजारांवर बराकी म्हणजे किती दाट वस्ती असेल याचा अंदाज करा.

बराकीची रचना साधी. मधे एक लांबच लांब हॉल आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या. कुटुंबाने राहावं असा विचार तिच्यात कुठेच नाही, कारण तिथे संसार मांडायचाच नव्हता. आजचा मुक्काम उद्या हलणार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ इथेच आहे. छावणी हंगामी होती. जमीन हंगामी घेतली, बांधकाम हंगामी केलं, माणसंही हंगामी आली.

छावणीबरोबर विमानांसाठी धावपट्टीही हवी होती. ती झाली नेवाळीला, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची शेतजमीन त्यासाठी १९४२-४३ च्या सुमारास सरकारने ताब्यात घेतली. ती सोळाशे एकरांहून अधिक. नेवाळीकडे आपण पुन्हा येऊच.

एक फौज गेली, दुसरी माणसं आली

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपलं. फौजा परत जाऊ लागल्या, बराकी रिकाम्या पडू लागल्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी तुटला. पंजाब आणि बंगाल हे प्रांत मधोमध कापले गेले, निदान अर्धा प्रांत तरी इकडे राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना आपलं म्हणावं असं एकही गाव या बाजूला उरलं नाही. सुरुवातीला बरेच जण तिथेच थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग मात्र जो तो बंदराकडे धावला. कराचीहून निघालेल्या बोटी मुंबईच्या गोदीत लागू लागल्या.

२८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी गेटवे ऑफ इंडियातून बोटीत चढली. तिला समारंभाने निरोप दिला गेला, बँड वाजला. त्याच दिवसांत तिथून काही फर्लांगावर गोदीत कराचीच्या बोटी रिकाम्या होत होत्या. एक लोक परत चालले होते आणि ज्यांना परत जायला जागा उरली नव्हती ते उतरत होते. गेलेल्यांच्या बराकी आलेल्यांना मिळाल्या.

एक लाखाच्या आसपास निर्वासित कल्याण कॅम्पात आले. छत्तीस हजारांसाठी बांधलेल्या छावणीत! मधल्या लांब हॉलमध्ये एका कुटुंबाची हद्द दुसऱ्यापासून वेगळी करायला गोणपाट आणि जुनी लुगडी टांगली गेली. पलीकडचं खोकणं, रडणं, भांडण सगळं ऐकू यायचं. कालपर्यंत हवेली, दुकान किंवा जमीनजुमला असलेली माणसं शिध्याच्या रांगेत उभी राहिली. पुढे बायकांनी पापड-लोणची करून विकायला सुरुवात केली, मुलं लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकू लागली. हे आता सर्वांनाच माहीत आहे आणि त्याचं कौतुकही भरपूर झालं आहे. तरी एक गोष्ट सांगाविशी वाटते. या माणसांना 'निर्वासित' म्हटलेलं आवडत नसे. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवत.

महाराष्ट्रात असं दुसरीकडेही घडलं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुलं आणि वृद्ध तिथे राहिले. ते गेल्यावर ती जागा सिंधी कुटुंबांना मिळाली. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. युद्धाने बांधलेली घरं फाळणीने भरली, ही त्या काळाची रीतच झाली होती.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव ठेवलं उल्हासनगर. एका वर्षाच्या आत मुलुख, घर आणि व्यवसाय गमावलेल्या माणसांच्या गावाला 'उल्हास' हे नाव मिळालं. नदीचं नाव होतं हे खरं, पण ऐकणाऱ्याला त्यातून धीर मिळाला असणार. पुढे छावणीचं शहर झालं, १९९६ साली महानगरपालिका झाली. फर्निचर, जीन्स, मिठाई अशा कितीतरी धंद्यांत नाव झालं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनीच केलेला आहे. पण त्या विनोदामागे बराकीच्या टोकाच्या खोलीत बसून केलेलं काम आहे, हे विसरता कामा नये.

सनद

आता थोडं माझ्या धंद्यातलं. माझी बँकेतली बरीच वर्षं उल्हासनगरच्या शाखेत गेली. कर्जखात्यात असल्यामुळे माणसांआधी त्यांचे कागद बघायची सवय लागली. घरावर कर्ज द्यायचं तर मालकी स्वच्छ हवी. वकिलाकडून तीस-तीस वर्षांचा सर्च घ्यायचा, दस्तांची साखळी जुळवायची. उल्हासनगरात ही साखळी मागे मागे नेली की एका ठरावीक कागदापाशी येऊन थांबे. त्याला म्हणतात सनद.

त्याची गोष्ट अशी. निर्वासितांनी सिंधमध्ये मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायचा कायदा १९५० साली झाला. १९५४ साली नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा आला. सरकारी बराकीतल्या खोल्या आणि भूखंड त्यात राहणाऱ्यांना विकत द्यायचे आणि ज्याचा दावा मंजूर झाला असेल त्याची भरपाई किमतीत वळती करायची, अशी व्यवस्था झाली. म्हणजे हिशेबाच्या भाषेत कराचीची जमा आणि उल्हासनगरचा खर्च! पैसे फिटले की भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने मालकीची सनद मिळे. त्यावर बराक नंबर, खोली नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा. लष्कराने आपल्या सोयीसाठी बराकींवर जे आकडे घातले, ते अशा रीतीने कुटुंबांचे कायमचे पत्ते झाले.

एक वयस्क गिऱ्हाईक मला आठवतात. त्यांना सगळे दादा म्हणत. दुकान वाढवायला कर्ज हवं होतं, धंदा चोख होता, हप्त्याची चिंता नव्हती. पण घर तारण ठेवायचं म्हणजे मूळ सनद बँकेत ठेवावी लागणार, हे सांगितल्यावर ते गप्प झाले. "फोटोकॉपी चालणार नाही का साहेब?" मी म्हटलं, "नाही दादा, अस्सलच लागतं." आठवडाभर आले नाहीत. मग एक दिवस मुलाला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली सनद टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तिकडचं घर सुटलं तेव्हा कागद घरातच राहिले. म्हणून हा कागद मी कधी घराबाहेर काढला नाही." पोचपावतीवर त्यांनी तीनदा नजर फिरवली. पाच वर्षांनी कर्ज फिटलं तेव्हा सनद परत न्यायला ते स्वतः आले. एकेक पान उलटून बघितलं, कपाळाला लावलं आणि मगच पिशवीत घातलं.

ज्यांना सनद मिळाली त्यांच्या पुढच्या पिढ्या त्या कागदावर उभ्या राहिल्या. पण बराकींच्या मधल्या मोकळ्या जागा, मैदानांचे कोपरे, रस्त्याच्या कडा यांचे कागद कुणाकडेच नव्हते. वस्ती वाढली तशी तिथेही बांधकामं झाली, एकावर एक मजले चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ८५५ इमारती अनधिकृत म्हणून पाडायची वेळ आली तेव्हा किती घरांत चूल पेटली नाही, हे मी बघितलं आहे. शेवटी २००६ साली विधिमंडळाने खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. मोबदला भरून घर वैध करता येईल अशी वाट त्याने काढली, पण ती वाट काही सगळ्यांना पार करता आलेली नाही.

नेवाळीचं काय झालं?

छावणीला गाव मिळालं, गावाला सनद मिळाली. धावपट्टीचं मात्र तसं झालं नाही.

इथे कायद्यातला एक फरक समजून घ्यावा लागेल. भूसंपादन म्हणजे जमिनीची मालकीच सरकारकडे जाते, मोबदला मिळतो आणि विषय संपतो. अधिग्रहण म्हणजे मालकी मूळ मालकाचीच, सरकारने गरजेपुरता ताबा घ्यायचा, भाडं द्यायचं आणि गरज संपली की परत करायची. युद्धात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली देशभर कितीतरी जमिनी आणि इमारती अशा अधिग्रहणाने घेतल्या गेल्या. युद्ध संपल्यावरही त्यातल्या अनेक सरकारला लगेच सोडवेनात, म्हणून १९४७ मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये ताबा चालू ठेवण्यासाठी कायदे करावे लागले.

नेवाळी परिसरातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की आमची जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत देण्याचा शब्द होता, तो पाळला गेला नाही. संरक्षण खात्याचं म्हणणं असं, की ही जमीन आमच्या मालकीची आहे. नौदलाकडे तिचा ताबा सांगितला जातो. मधल्या काळात विमानं गेली, धावपट्टीला भेगा पडल्या आणि ज्यांच्या आजोबांची ती शेतं होती ते पुन्हा तिथे भात लावू लागले. नवी मुंबईच्या विमानतळाचं घोडं अडलं होतं तेव्हा पर्याय म्हणून नेवाळीचंही नाव चर्चेत येऊन गेलं. तीन पिढ्या अशाच गेल्या.

मग नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली. ऐन पेरणीच्या दिवसांत, २२ जून २०१७ ला, असंतोषाचा भडका उडाला. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या पेटवल्या गेल्या, छर्ऱ्यांच्या बंदुका चालल्या. शेतकरीही जखमी झाले, पोलीसही. आपल्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. कामावरून परतणारे लोक अडकून पडले होते आणि घरोघरी टीव्हीवर आपलाच नेवाळी नाका दिसत होता. हिंसेचं समर्थन कुणीच करू नये, मीही करत नाही. पण त्या दिवशी टीव्हीवर "अचानक उद्रेक" असे शब्द ऐकले तेव्हा माझ्या मनात आलं, पंचाहत्तर वर्षं जुन्या प्रश्नाला अचानक कसं म्हणायचं?

एकाच युद्धासाठी, एकाच सरकारने, शेजारशेजारची जमीन घेतली. एका तुकड्यावर हजारो मैलांच्या दुःखाचं ओझं घेऊन आलेल्या माणसांना मालकीचा कागद मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. दुसऱ्या तुकड्यावर तिथल्याच भूमिपुत्रांच्या हातात जुने सातबारे आणि आजोबांनी सांगितलेला शब्द एवढंच राहिलं. यात सिंधी विरुद्ध आगरी असा वाद नाही, तसा तो कुणी करूही नये. फरक सगळा कागदाचा आहे.

आपलं अंबरनाथ

फौजा गेल्या तरी लष्कराचा आणि आपला संबंध तुटला नाही. शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली बांधलेल्या शिवमंदिराचं हे गाव. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि तिच्या जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आपण जिला एमटीपीएफ म्हणतो. माझे वडील त्याच काळात नोकरीसाठी इथे आले. फॅक्टरीच्या भोंग्यावर अख्ख्या गावाची घड्याळं चालत. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटमध्ये आम्ही खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवले होते आणि वडील दुहेरी पाळी करून मध्यरात्री घरी येत. काय बनवलं ते कधी सांगत नसत, विचारायचंही नसे. नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळाही पुढे अंबरनाथमध्येच उभी राहिली.

या कारखान्यांनी इथे मराठी, तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी अशी सगळी माणसं एका वसाहतीत आणली. आपल्या सोसायटीच्या पहिल्या सभासदांत फॅक्टरीतून निवृत्त झालेले किती जण होते ते जुन्या रजिस्टरात बघा. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. आपली ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली आणि एमटीपीएफ आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. दारावरची पाटी बदलली. आत काम करणाऱ्यांना आपल्या नोकरीच्या अटींची काळजी लागली, ती अजून आहे.

आणि आपण

एवढा इतिहास सांगण्यात माझा एक स्वार्थ आहे, तो आता उघड करतो.

आपण इथे आलो तेव्हा इमारतीभोवती भाताची खाचरं होती. पावसात बेडकांच्या आवाजाने झोप येत नसे. आज त्या खाचरांत सोळा-सोळा मजले उभे आहेत. आपण प्रत्येकाने सदनिकेचा करारनामा केला, नोंदणी केली, मुद्रांक भरला, कर्ज फेडलं. आपल्याला वाटतं, घर आपलं झालं. सदनिका आपली झाली हे बरोबर. पण इमारतीखालची जमीन? ती सोसायटीच्या नावावर अजून झालेली नाही. सातबाऱ्यावर आजही आपलं नाव नाही. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं असतं. आपल्याला २५ वर्षं झाली. पत्रं गेली, आश्वासनं आली, पुढे काही नाही.

सरकारने २००८ पासून यावर उपाय दिला आहे. बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. त्यासाठी सर्व सभासदांचे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, सातबारा असे कागद गोळा करावे लागतात. मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला. आजपर्यंत निम्म्याहून कमी सभासदांनी करारनाम्याची प्रत दिली आहे. काही जण म्हणतात, "आत्ता काय घाई आहे? इमारत तर मजबूत आहे." काही म्हणतात, "मुलगा परदेशात आहे, तो आला की बघू."

त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे, की नेवाळीलाही घाई नव्हती. युद्ध संपलं की बघू, सरकार बदललं की बघू, असं म्हणता म्हणता शब्द देणारा साहेब गेला, ऐकणारा शेतकरी गेला आणि नातवांच्या हाती भिंत आली. आपली इमारत पुनर्विकासाला जाईल तेव्हा आपल्यातले बरेच जण नसू. त्या वेळी टेबलापलीकडचा माणूस आपल्या मुलांना विचारील, "जमिनीचा कागद दाखवा." तेव्हा त्यांना बाबा काय म्हणायचे ते सांगून भागणार नाही.

छावणी दोन दिवसांच्या मुक्कामाला बांधली होती, तिथे लाखो लोकांचं गाव झालं. माणूस कुठेही रुजतो, हे तिने दाखवलं. पण रुजलेलं टिकायला कागद लागतो, हेही तिनेच दाखवलं. आपण या जागेत रुजलो आहोत. मुलांची लग्नं इथल्या गच्चीवरच्या मांडवात झाली, काही जिवलग इथूनच कायमचे गेले. आता उरलेलं एक काम या रौप्यमहोत्सवी वर्षात पुरं करू या. करारनाम्याची प्रत सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी सात ते नऊ या वेळात द्यायची आहे. मी रोज तिथे बसलेला असतो. झेरॉक्सचे पैसे नसतील तर तेही मी देईन!

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या जमिनीचा सातबारा पहिल्या पानावर छापलेला असावा, एवढीच इच्छा.